शेवटच्या गावात गाणं होतं

बेंगळूरुची बस कळंबोलीच्या पुलाखाली थांबते. थांबते म्हणजे वेग कमी करते, क्लीनर दारात लोंबकळत "बँगलोर, बँगलोर" ओरडतो आणि तेवढ्यात तुम्ही सामानासकट आत असावं अशी त्याची अपेक्षा असते. मी पनवेल सोडलं त्या संध्याकाळी आम्ही तिघं तिथं उभे होतो. बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होते. पहिली शिफ्ट करून आले, आंघोळ केली आणि लग्नाला घालतात तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, जसं काही प्रवास त्यांनाच करायचा होता. आईच्या हातात डबा होता. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. एसी बस आहे, काचा उघडत नाहीत, सुकट नको, असं मी सकाळपासून तिच्या मागे लागलो होतो. "दोन पिशव्यांत बांधलाय, वास नाय येत," ती म्हणाली. वास येत होता. पुलाखालच्या गाड्यांच्या धुरातूनही येत होता.

बस आली. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, बाबांनी बॅग उचलून क्लीनरकडे दिली, आणि मी काय केलं, तर डबा जवळ न ठेवता डिकीत, कपड्यांच्या बॅगेत कोंबला. शेजारचा प्रवासी काय म्हणेल ही भीती. परिणाम असा की सोमवारी नव्या ऑफिसात जो शर्ट घालून गेलो त्याला सुकटीचा वास होता. लिफ्टमध्ये बाजूला कुणी येऊन उभं राहिलं की मीच आधी इकडेतिकडे बघून नाक मुरडायचो, म्हणजे संशय दुसऱ्यावर जाईल.

तुम्ही जे तिथंच पनवेलला राहिलात, तक्क्यात, पोदीत, मिरची गल्लीच्या आसपास, आणि तुम्ही जे माझ्यासारखे त्याच पुलाखालून कुठे कुठे गेलात, तुम्हा सगळ्यांनाच हे सांगायचंय. विषय ऐकून हसाल. विषय आहे जपानी व्हिडिओ गेममधलं संगीत. हसा. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने या विषयावर इतकं मनाला लावून घ्यावं याची मलाही लाज वाटते, पण पुढे जे सांगणार आहे त्याच्या मानाने ती काहीच नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. आमच्या तक्क्यातल्या घरात एक जुना कॉम्प्युटर आला. स्टेशन रोडवरचं एक सायबर कॅफे बंद पडलं, तिथला. मी कॉलेजात होतो. बसस्टँडच्या मागे सलीमभाईंचं सीडीचं दुकान होतं. सलीमभाई मूळचे उरणचे, भाऊ कुवेतला. तो सुट्टीवर येताना हार्ड डिस्क भरून सिनेमे, गाणी, गेम असं काय काय आणायचा आणि सलीमभाई ते सीड्यांवर उतरवून आम्हाला द्यायचे. ओरिजिनल नावाची वस्तू पनवेलमध्ये फक्त तुपाच्या डब्यावर लिहिलेली असायची. गेमची ओरिजिनल सीडी कशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं.

तिथून मी रोल-प्लेइंग गेम आणायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात एका लहानशा गावातला मुलगा घर सोडून निघतो. रस्त्यात सोबती भेटतात, गावं लागतात, लढाया होतात आणि महिना-दोन महिने रोज खेळलात तर कधीतरी जग वाचतं. प्रत्येक गावाची चाल वेगळी, जंगलाची वेगळी, लढाईची वेगळी. गावात तुम्ही पाच मिनिटं थांबा की दोन तास, चाल फिरून फिरून तीच वाजते. म्हणून ती अशी बांधावी लागते की कुठे संपली आणि कुठे सुरू झाली हे कळू नये आणि शंभराव्या वेळीही कंटाळा येऊ नये. अगदी जुन्या यंत्रांत एका वेळी तीन-चार सूरच वाजवता यायचे. त्यात संपूर्ण समुद्र उभा करायचा. पुढे सीड्या आल्या, मग खरी वाद्यं आली, मग अख्खा ऑर्केस्ट्रा आला, आणि अगदी शेवटी माणसांचे आवाज आले. सुधारणा झाली की बिघाड झाला, यावर जगभरची माझ्यासारखी रिकामटेकडी मंडळी एका इंटरनेट फोरमवर दिवसरात्र भांडायची. माझं मत ठरलेलं. तीन सुरांची ऐपत होती तेव्हा चाल सुचायलाच लागायची. ऑर्केस्ट्रा मिळाल्यावर आळस आला.

फोरमवर माझं नाव होतं वडाळे. आपल्या वडाळे तलावावरून घेतलं होतं. लोकांना वाटायचं कुठल्या तरी गेममधल्या तलवारबाजाचं नाव असेल. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. घरी मी तक्क्यातला आगरी पोरगा, इंग्रजी बोलायला लागलो की घाम फुटणारा. तिथं मी वडाळे, आणि वडाळे लिहायला लागला की लोक वाचायचे.

वाचायचे ते एका लेखामुळे. सलीमभाईंकडून 'लँटर्न्स ऑफ ऑरेन' नावाचा एक गेम आणला होता. फारसा कुणाला माहीत नसलेला, जपानबाहेर कधी न विकलेला, काही हौशी मंडळींनी आपल्यापुरता इंग्रजीत आणलेला. त्यातला नायक मासेमारांच्या गावातून निघतो आणि सगळ्यात शेवटी, सगळं जिंकून, परत त्याच गावात येतो. संपूर्ण गेमभर संगीत थांबत नाही, आणि या शेवटच्या गावात पाऊल टाकलं की एकदम शांत. वारा, कोंबड्या, कुठेतरी होडी घासल्याचा आवाज. बस. मी तिथं थक्क होऊन बसलो. मला वाटलं, या संगीतकार बाईला कळलंय. घर सोडून गेलेला माणूस परत येतो तेव्हा त्याच्यासाठी काही वाजत नाही. गाव त्याच्याविना चालायला शिकलेलं असतं. हे मी डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीत लिहिलं आणि फोरमवर टाकलं.

तो लेख चालला. मनिलाहून, इंदूरहून, लाहोरहून लोकांनी लिहिलं की हो, आम्हालाही ती शांतता आठवते, आम्ही रडलो होतो. कोचीच्या एकाने तेवढं लिहिलं, "मला तिथं बायका गात असल्यासारखं आठवतंय. चूकही असेल." त्याला मी लांबलचक उत्तर दिलं. शेवटी नावांची यादी सरकते तिथलं गाणं तुझ्या डोक्यात राहिलं असेल, नीट खेळून बघ, शांतता ऐकायलाही तयारी लागते, वगैरे. इतरांनीही मलाच साथ दिली. बिचाऱ्याने स्वतःची ओळ काढून टाकली.

त्या लेखामुळेच मी बेंगळूरुला गेलो, असं म्हटलं तरी चालेल. तिथला राघव फोरमवरचा जुना सभासद. त्याने त्याच्या ऑफिसात माझं नाव सुचवलं. मोबाइलवरचे गेम बाजारात जाण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम. आईला शेवटपर्यंत समजावता आलं नाही. "म्हंजे खेलाचे पैसे देतात?" ती विचारायची आणि शेजारणीला सांगताना "कंपूटरमदी हाय" एवढंच सांगायची. बाबा फोनवर एकच प्रश्न विचारायचे, "जेवलास?" आणि मी हो म्हटलं की फोन आईकडे.

राघवच्या घरी दर रविवारी दहा-बारा जण जमायचो. भिंतीला टेकून बसायचं, एखादी चाल लावायची, ती संपली की त्यावर बोलायचं. त्या घरात मी पहिल्यांदा ओरिजिनल डिस्क हातात घेतली, जाड पुस्तिकेसकट. राघवच्या मामाने अमेरिकेहून पाठवलेली. मी ती अशी काही परत ठेवली की जसं काही माझ्याकडेही घरी कपाटभर आहेत. पनवेलचं मी तिथं फार काही सांगितलं नाही. मुंबईजवळ, एवढं म्हटलं की भागायचं. आईबद्दल तर शब्दही काढला नव्हता.

आईबद्दल इथं सांगायला हवं. आई धवलारीण आहे. आमच्याकडच्या लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालताना, हळद दळताना, नवऱ्या मुलाला न्हाऊ घालताना, प्रत्येक विधीचा धवला वेगळा आणि तो धवलारणीने गायचा. आई ते तिच्या आत्याकडून शिकली. लगीनसराईत तिला बोलवायला पनवेलजवळच्या दापोलीहून, पार शिरढोणहूनही माणसं यायची. आवाज जाड, थोडा नाकातला, माइक नको म्हणणारा. मित्र घरी यायचे तेव्हा ती गायला बसलेली नसली म्हणजे बरं, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. एवढं स्पष्ट कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

बेंगळूरुत चार-पाच वर्षं काढल्यावर राघवच्या डोक्यात आलं की घरात बसून ऐकणं पुरे, आता कार्यक्रम करू. संगीत शिकणारी मुलं जमवली, व्हायोलिन, चेलो, बासरी, की-बोर्ड. बसवनगुडीतल्या एका शाळेचा हॉल घेतला. गेममधल्या चालींची संध्याकाळ. "वडाळे, यू विल स्पीक फर्स्ट," राघव म्हणाला. "टॉक अबाउट द सायलेन्स." मी नाही नाही म्हणत हो म्हटलं आणि त्याच दिवशी घरी फोन केला. आईबाबांना म्हटलं, या. मला स्टेजवर बोलायचंय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं. ते कळंबोलीच्या त्याच पुलाखालून बसले आणि आले. आईने अबोली रंगाचं लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात गजरा होता. खरं सांगायचं तर हॉलच्या दारात ती उतरली तेव्हा सगळे तिच्याकडे बघतायत हे बघून मी तिला जरा घाईनेच आत नेलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं.

मी बोललो. चांगलं बोललो. तीन सुरांच्या जमान्यापासून सुरुवात केली, चाल फिरून फिरून कशी वाजते ते सांगितलं, एक विनोद केला तोही जमला. मग शेवटच्या गावावर आलो. पडद्यावर त्या गावाचं चित्र होतं. मी म्हटलं, इथं संगीतकाराने काहीच वाजवलं नाही. ज्यांनी घर सोडलंय त्यांना यापेक्षा खरं काही ऐकायला मिळणार नाही. हॉल गप्प झाला. मी दोन क्षण तसंच राहू दिलं. बाबा ताठ बसले होते. आईला इंग्रजी येत नाही, पण लोक माझं ऐकतायत हे तिला दिसत होतं आणि ती लोकांकडेच बघत होती.

राघवने विचारलं, कुणाला काही विचारायचंय? मागच्या एका रांगेत एका बाईने अर्धाच हात वर केला. हारुका-सान. बिडदीकडच्या एका मोटारीच्या कारखान्यात कामाला आलेली जपानी बाई. राघवच्या जपानीच्या क्लासमधून तिला कार्यक्रमाचं कळलं होतं. ती उठून उभी राहिली, आधी वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली की भाषण फार सुंदर झालं, तिला क्षमा करावी, कदाचित तिचीच काही चूक होत असेल, पण लहानपणी तिने हा गेम खेळला होता आणि त्या गावात एक गाणं आहे. बायका गातात. होड्या परत येतात तेव्हाचं. तिच्या मोठ्या बहिणीला ते पाठ होतं.

मी काय म्हणायला हवं होतं? असेल, मला माहीत नव्हतं, एवढंच. सरळ वाक्य होतं. मी म्हटलं, "दॅट मे बी अ डिफरंट व्हर्जन." आणि पुढे काय काय बोललो, परदेशातल्या आवृत्त्या, बदल, संगीतकाराचा अंतिम हेतू. अंतिम हेतू! जो गेम जपानबाहेर कधी विकलाच गेला नाही त्याची परदेशातली आवृत्ती. हारुका-सानला हे ठाऊक असणारच. ती पुन्हा वाकली आणि म्हणाली, "सॉरी, आय डिड नॉट नो." माझी माफी मागून ती खाली बसायला लागली.

राघव भला माणूस. त्याला यात भांडण दिसलंच नाही, त्याला फक्त एक न ऐकलेलं गाणं दिसलं. त्याने माइक घेऊन तिच्याकडे धाव घेतली, गाऊन दाखवा म्हणाला. ती नाही म्हणाली, लाजली आणि मग डोळे मिटून गायली. साधी चाल, दोनच ओळी वर जाऊन खाली येणाऱ्या, चेलोवाल्या मुलाने मागून हळूच एक सूर धरला. पडद्यावर ते गाव होतंच. गाणं त्या चित्रावर असं बसलं की आता शंकेला जागाच उरली नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्याने माझ्या आईने वाजवल्या.

मग राघव हसत हसत माझ्याकडे वळला. "सो वडाळे, कुठून आणलेली सीडी तुझी?" सगळा हॉल हसला. तसं ते हसणं वाईट नव्हतं. त्यातल्या निम्म्यांनी असल्याच सीड्यांवर दिवस काढले होते. पण माझे कान तापले. इतकी वर्षं जगाला शांतता ऐकायला शिकवणारा मी, दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका शोधण्याचा पगार घेणारा मी, आणि माझ्या सीडीतून गाणं गळून पडलंय हे मला कळलं नव्हतं. मनिला, इंदूर, लाहोर, सगळ्यांकडे तीच कापलेली कॉपी फिरत गेली असणार. मी स्टेजवरून उतरलो, जेवायला थांबलो नाही, आईबाबांना रिक्षात घालून घरी आणलं. रिक्षात बाबांनी विचारलं, "तुज्यावर हसले काय ते?" मी म्हटलं, "नाही हो, गंमत करत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्या खोलीच्या गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी चहा घेऊन शेजारी बसलो. तिला कालचं सगळं काय समजलं होतं कोण जाणे. निवडता निवडता म्हणाली, "ती बाई काय गोर गायली रं. पोटातून गायली."

मी हं म्हटलं.

"टीवीवर त्या गावाचा फोटू व्हता ना, तो मी वलखला. तू आपल्या घरी खेलायचास तवा तो लागायचा." ती सहज बोलत होती, काड्या बाजूला टाकत. "तो लागला का तू मना गप करायचास. मी आतमदी धवला घोलवत असायची. तू वरडायचास, 'आई, गप, इथं काय वाजत नाय, मना ऐकू दे.' मंग मी गप बसायची. तुजा अभ्यास असंल बोल्ली."



"मंग मी घरात गायचा सोरलाच," ती म्हणाली. "तू घरात असलास का नाय गायची. लग्नात गायची तेवराच."

आतून बाबा म्हणाले, "अगं, बस ना. पोराला ऑफिसला जायचाय." त्यांना कळलं होतं. आईला मात्र आपण काही बोललो असं वाटलंच नव्हतं. तिने मेथीची जुडी संपवली आणि विचारलं की मी भात घेणार की भाकरी.

मी त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही. बाहेर पडून तिथल्या, बेंगळूरुच्या लालबागेत जाऊन बसलो. हॉलमधल्या हसण्याची लाज होतीच, पण ती आता लहान वाटायला लागली होती. ज्या शांततेवर मी इतकी वर्षं लिहिलं, लोकांना रडवलं, नोकरी मिळवली, ती त्या संगीतकार बाईने केलेली नव्हती. तिने तर गाव गाण्याने भरलं होतं. थोडी सलीमभाईंनी केली आणि उरलेली मी. माझ्या घरात प्रत्येक प्रसंगाचं वेगळं गाणं जिला पाठ होतं ती बाई दोन हातांवर बसली होती, तिला मी गप केलं आणि नंतर त्या गप्प घराची जगापुढे तारीफ केली. घर सोडणाऱ्यासाठी काही वाजत नाही म्हणे! मी अजून घर सोडलंही नव्हतं तेव्हा.

फोरमवर मी खरं काय ते लिहिलं. लांबण लावली नाही. मनिलाच्या माणसाचं उत्तर आलं, "मला आपली शांतताच परत दे." एकाने हसण्याची चित्रं टाकली. दुसऱ्या एकाने म्हटलं की चूक असली तरी लेख चांगला आहे, हे मला सगळ्यात जास्त लागलं. कोचीच्या माणसाला मी वेगळं लिहिलं. माफी मागितली. त्याने दोन दिवसांनी एवढंच कळवलं की आता तो गेम खेळत नाही, मुलं लहान आहेत, पण गाणं होतं हे ऐकून बरं वाटलं, त्याला वाटायला लागलं होतं की आपणच ते मनाने रचलं.

त्यानंतर पनवेलला गेलो तेव्हा आधी सलीमभाईंकडे गेलो. सीड्या केव्हाच गेल्या होत्या; दुकानात आता मोबाइलची कव्हरं आणि काचा. दाढी पांढरी झालेली, ओळखायला वेळ लागला नाही पण. मी त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"अरे बेटा, गाना बडा होता. सगळं मिळून एका सीडीत बसेना. गाना काढला, बसली. तीच कॉपी भाऊ परत कुवेतला घेऊन गेला, तिथून दुनियाभर फिरली. लढाई काढली असती तर पोरांनी मला मारलं असतं." मग म्हणाले, "आखिरपर्यंत खेळतो कोण? ती सीडी किती पोरं घेऊन गेली, सगळे निम्म्यात आणून द्यायचे. मला काय ठाऊक तू शेवटच्या गावात जाऊन बसशील." त्यांनी चहा मागवला. अम्मी-अब्बा बरे आहेत ना, विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचा राग येईल असं वाटलं होतं, तो काही आला नाही.

आता मी वर्षातून दोनदा-तीनदा घरी जातो. बेंगळूरुत मला भाड्याचा चांगला फ्लॅट आहे, कन्नड कामापुरतं येतं, भाजीवाली 'सर'ला 'सार' म्हणते तसं मीही सगळ्यांना सार म्हणतो. सुकट तिथं मिळते, पण आमच्यासारखी नाही. राघवकडे रविवारी अजून जातो. तिथं आता मी फारसा बोलत नाही, ऐकतो. कुणीतरी नवीन पोरगा तावातावाने मत मांडत असतो आणि मला त्याचे कान धरावेसे वाटतात, आणि मग स्वतःचेच आठवतात. पनवेल तर तुम्ही बघताच आहात. विमानतळाचं काम, उंच उंच इमारती, आमच्या गल्लीतनं आकाशाचा निम्मा तुकडा गेला. लग्नात डीजे असतो. धवलारणीला अजून बोलावतात, पण पंधरा मिनिटांसाठी, व्हिडिओवाल्याला हवं असतं म्हणून.

गेल्या वेळी मी न कळवता गेलो. दुपार होती, बाबा झोपलेले असणार. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि बॅग घेऊन चालत आलो, तर आमच्या घरातून आवाज येत होता. जाड, नाकातला. मांडवाचा धवला असावा. मला शब्द सगळे कळले नाहीत. मी ते कधी ऐकलेच नव्हते. आवाज पूर्वीपेक्षा थकलाय, मध्येच ती थांबते, श्वास घेते, पुन्हा तिथूनच उचलते. दार नुसतं लोटलेलं होतं. मी कडीपर्यंत नेलेला हात मागे घेतला आणि पायरीवर बसलो.

समोरच्या काकी पापड उलटायला बाहेर आल्या. "काय रं, आत जा ना. दार उगराच हाय," त्या म्हणाल्या. मी त्यांना बोट ओठावर ठेवून खूण केली. त्यांना काय वाटलं असेल ते असो. मला कुणी विचारलं की आता तुझं घर कुठलं, तर मी तक्का म्हणत नाही आणि बेंगळूरुही म्हणत नाही. माझं घर म्हणजे ती पायरी. दाराच्या अलीकडची, मी आलोय हे आत कळण्याआधीची जी काही मिनिटं मिळतील ती. आत माझं घर आहे, पण मी आत गेलो की ते तसं राहत नाही, आणि ही व्यवस्था माझी मीच लावून ठेवलीय.

काकींच्या बोलण्याने असेल किंवा कशाने, आतला आवाज थांबला. आई दारात आली. मला बघून तिचा चेहरा जो काही खुलला, तो बघून मला मान वर करवेना. "कवा आलास? नि असा भायेर काय बसलायस? जेवलास का नाय?" तिने बॅग माझ्या हातातून घेतली.

"आई," मी म्हटलं, "ते गात होतीस ते पुरं कर ना. मी बसतो इथंच."

ती हसली, पदराने कपाळ पुसलं आणि ताट घ्यायला वळली.

"आता नको," ती म्हणाली. "आता तू आलास ना."